त्याच्याच स्पीकरवरून गोड बोला

यूसुफवर अन्याय झाला. यंदा, दोन हजार आठ साली, संक्रांतीनंतरच्या पहिल्याच शनिवारी, दुपारी साडेतीन वाजता, शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका शाळेच्या सभागृहात. हा अन्याय अमेरिकन सरकारनं केला असं लिहायला मला फार सोपं गेलं असतं. तसली पत्रकं मी कॉलेजपासून लिहीत आले आहे. पण तसं झालं नाही. तो आपण केला. शुद्ध मराठी बोलणाऱ्या, रेशमी झब्बे आणि पैठण्या घातलेल्या, हातात तिळगुळाच्या पुड्या घेतलेल्या माणसांनी केला.

मी तिथं होते. परत नागपूरला येऊन मला पंधरवडा झाला आणि अजून ते डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून लिहिते आहे. आपल्या माणसांची नावं बदलली आहेत, कारण माझ्या भाचीला त्याच गावात शाळेत जायचं आहे. बाकी काही बदललेलं नाही.

नेपरव्हिल

माझी ताई शिकागोजवळ नेपरव्हिलला असते. लग्न झाल्यावर गेली ती तिथलीच झाली. भाऊजी सॉफ्टवेअरमध्ये, सई ही एकुलती एक मुलगी, तेरा वर्षांची. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि आईला व्हिसा मिळाला नाही, म्हणून मदतीला मी गेले. अमेरिकेवर मोर्चे काढणारी मुलगी अमेरिकेला निघाली म्हणून आमच्या गटातल्या पोरांनी मला भरपूर छळलं. "परत येताना पत्रकावर सही घेऊन ये तिकडच्या अध्यक्षाची," म्हणे.

तिथली थंडी मी वर्णन करत बसणार नाही. नाकातला ओलावा गोठतो, एवढं सांगते. घरं एकाला एक सारखी, रस्त्यावर माणूस नाही. पहिल्या सकाळी कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर गेले आणि मागे दार बंद झालं. चपला घालून बर्फात उभी. शेजारी कुणी दिसेना. नागपुरात असं झालं असतं तर तीन खिडक्यांतून तीन बायका बोलल्या असत्या. इथं मी सईच्या खिडकीवर बर्फाचे गोळे मारले तेव्हा कुठं ती उठली. "मावशी, देअर इज अ डोअरबेल," ती दार उघडून म्हणाली.

सईला मराठी समजतं, उत्तर ती इंग्रजीत देते. कानात सतत वायरी. मला वाटलं, असेल काही अमेरिकन धांगडधिंगा. एक दिवस भाजी चिरताना तिनं एक वायर माझ्या कानात घातली आणि माझा हात थांबला.

एक मुलगा बोलत होता. गात नव्हता, बोलत होता, पण श्वास न घेता, ठोक्यावर पाय आपटत, शेवटच्या अक्षराला शेवटचं अक्षर भिडवत. भाषा मला कळत नव्हती. पण घशातून येणारी ती अक्षरं मी ओळखली. अरबी. मध्येच दोन-तीन आवाज एकदम उठून त्याची ओळ उचलून धरत होते. मी गेली सहा वर्षं चौकाचौकांत डफावर गाणी म्हणते. मागून ओळ उचलणारे झीलकरी मला कुठल्याही भाषेत कळतात.

"कोण आहे गं हा?"

"यूसुफ. अवर साउंड गाय!"

ब्रिजव्ह्यू

आता हा यूसुफ कोण, ते सांगते. आजूबाजूच्या गावांतली मराठी घरं मिळून एक छोटं मंडळ चालवतात. गणपती, दिवाळी, संक्रांत. त्यांचा साउंडवाला म्हणजे यूसुफ. वय बावीस. दिवसा कॉलेज, शनिवार-रविवार लग्नं आणि समारंभ. भाऊजींना तो एका गुजराती लग्नात भेटला, त्यांनीच त्याला मंडळात आणला. त्यानंतर एकही कार्यक्रम त्याच्याशिवाय झालेला नाही. माइक तपासताना तो "हॅलो हॅलो" म्हणत नाही. "नमस्कार मंडळी" म्हणतो, आणि लहान पोरं खिदळतात.

पॅलेस्टाइनमधलं नाबलुस हे त्याचं मूळ गाव. वडील वारले, आई आणि तो इथं, बाकी गोतावळा तिकडं. त्याचं घर ब्रिजव्ह्यूला, गाडीनं पाऊण तासावर. संक्रांतीच्या कार्यक्रमात सई त्यानं बांधलेल्या ठेक्यावर मराठी रॅप म्हणणार होती, त्याच्या तालमीसाठी भाऊजींनी आम्हांला नेऊन सोडलं.

नेपरव्हिलहून तिथं गेलं की देश बदलल्यासारखं वाटतं. दुकानांवर अरबी पाट्या, रस्त्यावर चालणारी माणसं, बेकरीतून येणारा वास. मला हायसं वाटलं. यूसुफच्या आईनं दारातच माझे गार हात आपल्या हातांत घेतले आणि सोडलेच नाहीत. सई तिला सरळ "काकू" म्हणते. ती काकू "ओ" देते. तिनं आमच्यापुढं जाड गरम रोट्या ठेवल्या, वर तेलात कालवलेला हिरवा मसाला. चव घेतली तर भरपूर तीळ. मी म्हटलं, आमचा परवा तिळाचाच सण आहे. यूसुफनं ते आईला अरबीत सांगितलं. तिनं उठून कपाटातून डबा काढला. आत काय असावं? तिळाची वडी. हुबेहूब. गुळाऐवजी साखर, एवढाच फरक. त्यांच्याकडं तिला सिमसिमिया म्हणतात. "सणाला मी करून पाठवते," ती म्हणाली. "किती माणसं असतात?"

खाली तळघरात यूसुफचा स्टुडिओ. जुन्या गाद्या भिंतींना बांधलेल्या, एक माइक, एक कॉम्प्युटर. आणि इथं मला पहिला धक्का बसला.

मला वाटत होतं, रॅप म्हणजे चार पोरं एकत्र बसून करत असतील. यूसुफची टोळी एकत्र कधी बसलेलीच नाही. त्याचा चुलतभाऊ समेर नाबलुसला, दुसरा भाऊ अम्मानला, एक मैत्रीण बैरूतला. एक जण ठेका पाठवतो. ज्याच्याकडं वीज असेल तो आधी आपलं कडवं म्हणतो आणि नेटवरून पुढं पाठवतो. पुढचा त्याला उत्तर देतो. असं गाणं तीन गावं फिरून चौथ्या, ब्रिजव्ह्यूच्या तळघरात येतं आणि तिथं यूसुफ ते शिवतो. मी ज्यांना ऐकलं होतं ते एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून ओळ उचलणारे झीलकरी, ते एकाही खोलीत एकत्र नव्हते.

"समेरला शेवटचा कधी भेटलास?" मी विचारलं.

"सहा वर्षांचा होतो. त्यानं माझ्या सायकलचं चाक वाकवलं होतं." तो हसला. "सिटिझनशिपचा अर्ज केलाय. हातात अमेरिकन पासपोर्ट आला की जाणार. एक माइक, आम्ही दोघं. आधी चाकाचं भांडण."

नवीन गाणं तयार होत होतं. त्याची आत्या एका लग्नाला शेजारच्या गावी निघाली, मांडीवर गोडाचं पितळी ताट घेऊन. वाटेत इस्रायली सैन्याचा नाका. सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ. लग्न लागून गेलं, आत्या ताटासकट तिथंच. गाण्याचा ठेका त्याच ताटावर बोटांनी वाजवलेला, समेरनं घरी रेकॉर्ड केलेला. यूसुफनं इंग्रजीत अर्थ सांगितला, मी वहीत मराठीत उतरवून घेतला:

ताट मांडीवर, नाका समोर,
नवरी तिकडं, आत्या इकडं.
शिपाई विचारतो, काय गं ताटात?
लग्न आहे बाळा, लग्न आहे ताटात.

समेरचं शेवटचं कडवं तेवढं यायचं होतं. त्याच्याकडं वीज नव्हती.

जाताना यूसुफ मला म्हणाला, "अरबांच्या लग्नात मला येऊन सांगतात, आवाज वाढव. तुमच्या मंडळात येऊन सांगतात, जरा कमी कर, बोलता येत नाही." मी इतकी हसले की पायरीवरून घसरले. त्या घरात मी दोन तास होते आणि एकदाही परकी नव्हते. हे लक्षात ठेवा.

शनिवार

सभागृह शाळेचं, भाड्यानं घेतलेलं. कार्यक्रम चारचा. ताई गुडघ्यामुळं घरीच होती. तीन वाजता आम्ही बायका मागच्या टेबलांवर तिळगुळाच्या पुड्या भरत होतो. यूसुफ आला, स्पीकर उभे केले, आईनं दिलेला मोठा डबा मेधाकाकूंच्या हातात दिला. मेधाकाकू म्हणजे मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांच्या प्रमुख. त्यांनी त्याच्या गालाला हात लावला. "किती वाळलास रे," त्या मराठीतच म्हणाल्या. त्यानं मान डोलावली, त्याला कळलं.

सई आत नऊवारी नेसत होती. यूसुफनं लॅपटॉप उघडला आणि ओरडला. समेरचं कडवं आलं होतं!

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं? घरी तळघरात तो छोट्या स्पीकरवर ऐकतो. इथं रिकामं सभागृह आणि माणसाच्या उंचीचे दोन खांब. त्यानं मला विचारलं, मेधाकाकूंना विचारलं, "एकदाच लावू?" काकू म्हणाल्या, "लाव की, अजून वेळ आहे."

ते ताट वाजायला लागलं तेव्हा खुर्च्या थरथरल्या. पोरं स्टेजवर चढून नाचायला लागली. एक आजोबा हातात लेझीम घेऊन त्या ठेक्यावर दोन पावलं टाकून गेले. यूसुफ स्टेजखाली वायरी जोडत होता, ओठ हलत होते, समेरच्या ओळीला तो इथून ओळ देत होता. चार गावांचं गाणं पहिल्यांदा एका खोलीत वाजत होतं, आणि ती खोली मराठी मंडळाची होती. मला किती अभिमान वाटला सांगू!

तेवढ्यात शाळेचा रखवालदार दारात आला. उंच, वयस्क, काळा माणूस. दाराजवळ मंडळाचे अध्यक्ष श्रीकांतकाका उभे होते. रखवालदारानं त्यांना काहीतरी विचारलं. काका जोरजोरात मान हलवत, दोन्ही हात हलवत काहीतरी बोलले. रखवालदाराचा चेहरा बदलला. तो गेला. काकांनी येऊन गाणं बंद करवलं.

पोलीस आले तेव्हा यूसुफ अजून स्टेजखालीच होता. "बाहेर ये, हात दिसू देत." तो बाहेर आला, हातात वायर. वायर टाक म्हणाले. त्यानं टाकली. त्याला गुडघ्यांवर बसवलं. मग पालथं. लेझीमवाले आजोबा तिथून दोन हातांवर होते.

"इथं कोणाबरोबर आलास?"

"यांच्याबरोबर," यूसुफ जमिनीवरून म्हणाला. "मी यांचा साउंडवाला आहे."

पोलिसानं वर आमच्याकडं पाहिलं. सगळ्या सभागृहाकडं. "हा तुमच्याबरोबर आहे?"

आणि कुणी बोललं नाही.

मी पुन्हा लिहिते, कारण मला स्वतःलाच अजून खरं वाटत नाही. कुणी बोललं नाही. श्रीकांतकाका भिंतीकडं पाहत होते. मेधाकाकूंच्या हातात त्याच्या आईचा डबा होता. ज्यांनी त्याला फोन करून बोलावलं ते माझे भाऊजी, स्पीकरला टेकून उभे, हातातल्या कागदी बशीकडं बघत होते.

मी पुढं गेले. "ही इज अवर साउंडमॅन! आय नो हिज मदर!" मी घाबरले की माझं इंग्रजी आणखी नागपुरी होतं. पोलिसानं मला सभ्यपणे विचारलं, मी मंडळाची सभासद आहे का? नाही. इथं राहते का? नाही, पाहुणी. त्यानं श्रीकांतकाकांकडं पाहिलं. "सर?"

काका म्हणाले, "शी जस्ट केम फ्रॉम इंडिया. शी डझन्ट नो."

भाऊजींनी मागून माझं कोपर धरलं.

यूसुफला बेड्या घालून नेलं. लॅपटॉप आणि आवाजाचा मिक्सर पुरावा म्हणून नेला. सई नऊवारीत धावत बाहेर आली तेव्हा काचेच्या दारापलीकडं त्याला गाडीत बसवत होते. ती वळली आणि भाऊजींना तिनं एकच वाक्य म्हटलं, "बाबा, यू हायर्ड हिम." मग तिनं नऊवारी, अंबाडा, फुलं सगळं तिथल्या तिथं ओरबाडलं आणि कोट घालून गाडीत जाऊन बसली.

पुढं काय झालं असेल? कार्यक्रम रद्द? मलाही तसंच वाटलं.

कार्यक्रम चारच्या ऐवजी साडेचारला सुरू झाला. पोलिसांनी स्पीकर नेले नव्हते. कुणीतरी आपला लॅपटॉप त्यांना जोडला. श्रीकांतकाकांनी माइक हातात घेतला आणि यूसुफच्या स्पीकरमधून सगळ्यांना सांगितलं, तिळगूळ घ्या, गोड गोड बोला. चहाच्या वेळी तो डबा फिरला. एक बाई वडी मोडून म्हणाल्या, "किती खुसखुशीत झालीये! कुणी केली गं?" मेधाकाकू किटलीकडं वळल्या. डबा रिकामा झाला.

सोमवार

आमची परात सभागृहात राहिली होती. ती आणायला सई आणि मी सोमवारी गेलो. रखवालदार तिथंच होता. त्याचं नाव वॉल्टर. मी त्याच्याशी भांडायच्या तयारीनं गेले होते, इंग्रजी वाक्यं पाठ करून.

त्यानं मला बोलूच दिलं नाही. त्यानंच विचारलं, "त्या मुलाचं काय झालं?"

मग तो काय बोलला, ते ऐका. "मी तुमच्या त्या साहेबांना एवढंच विचारलं, हे कुणाचं गाणं आहे? माझा पाय आपोआप हलत होता. सीडी कुठं मिळेल, विचारणार होतो. तर ते म्हणाले, हे आमचं नाही, ही आमची भाषा नाही, आम्ही तसले लोक नाही, हा आमच्याबरोबर नाही. मॅडम, शाळेत स्टेजखाली वायरी घेऊन एक माणूस आहे आणि तो कुणाचाच नाही, असं मला सांगितलं तर मी फोन करणार नाही?"

मी परात धरून उभी राहिले.

म्हणजे संशय घेतला कुणी? या माणसानं नाही. त्याला गाणं आवडलं होतं. त्याच्या साध्या प्रश्नाला आपण जे उत्तर दिलं, ते आपण सात वर्षं घोकून तयार ठेवलेलं होतं. कुणी विचारण्याआधीच ते तोंडातून पडतं. आम्ही ते नव्हे.

त्या संध्याकाळी मी भाऊजींना विचारलं. ते चिडले नाहीत. तेच वाईट. म्हणाले, "तू तेव्हा इथं नव्हतीस. दोन हजार एकच्या त्या सप्टेंबरनंतर पेट्रोल पंपावर एक जण माझ्या अंगावर थुंकला. सई गाडीत होती, खिडकीतून बघत होती. मी घरी येऊन दाढी काढली. दुसऱ्या दिवशी गाडीला झेंडा लावला. श्रीकांतनं तर मुलाला सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं की आधी म्हण, वी आर नॉट अरब्स. काढ म्हटलं की निघतं का ते?"

झेंडा अजून गाडीवर आहे. उन्हानं पांढरा पडलेला.

मला त्यांची कीव आली. पण मी त्यांना म्हटलं, आणि इथंही म्हणते: भाऊजी, तुमच्यावर थुंकणारा जे करत होता, तेच शनिवारी आपण सभ्यपणे केलं. आणि तुम्ही तर आता नागरिक आहात! पासपोर्ट कपाटात आहे. सगळ्यांत जास्त तुम्हीच कसे घाबरलेले?

त्यांनी टीव्ही लावला.

दारोदार

यूसुफवर शाळेच्या आवारात विनापरवानगी शिरल्याचा गुन्हा लागला. दोन दिवसांनी जामिनावर सुटला. त्याच्या वकीलबाईंनी फोनवर सरळ सांगितलं: सभागृह ज्यांनी भाड्यानं घेतलं त्या मंडळाच्या कार्यकारिणीतल्या एका माणसानं लिहून द्यावं की याला आम्हीच बोलावलं होतं. एका माणसानं. म्हणजे खटला उभाच राहणार नाही. नाहीतर तो लांबेल, आणि तोवर सिटिझनशिपचा अर्ज लोंबकळत राहील. उलट निकाल लागला तर अर्जाचं काय होईल ते त्या सांगू शकत नव्हत्या. म्हणजे पासपोर्ट नाही. म्हणजे समेर नाही, एक माइक नाही.

सईनं लगेच लिहून दिलं. ती तेरा वर्षांची. चालत नाही. भाऊजी कार्यकारिणीत आहेत, पण त्यांनी कागदाला हातही लावला नाही.

मग मी मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं, मराठीत, मोठ्या अक्षरांत. लायब्ररीत प्रती काढल्या. आणि सईला घेऊन बर्फातून घरोघर निघाले. पहिल्याच घरी दार उघडेना, तर मी पत्रक तिथल्या टपालपेटीत सारायला लागले. सई किंचाळली, "मावशी, स्टॉप! दॅट्स इललीगल!" तिथं टपालपेटीत टपालाशिवाय काही घालणं गुन्हा आहे म्हणे. आम्ही नागपुरात दाराखालून सारतो, फट नसेल तर कडीला खोचतो. पुढच्या घरी नंबर चुकला. एका गोऱ्या आजोबांनी पत्रक घेतलं, चष्मा लावून देवनागरी उलटसुलट पाहिली आणि फार काळजीनं विचारलं, "तुमचा कुत्रा हरवलाय का?"

त्या दिवसात मला माणुसकीनं विचारणारे ते एकटेच.

बाकी सगळे आपलेच होते. एक म्हणाले, "यार, पोरगा चांगला आहे, पण टायमिंग बघ ना. माझं ग्रीन कार्ड अडकलंय." एक म्हणाल्या, "त्यांचे असतात गं मोठे मोठे लॉयर्स." श्रीकांतकाकांनी दारातच सांगितलं, "आता मी उलटं बोललो तर पोलिसांना खोटं सांगितलं असं होईल. शाळा पुन्हा हॉल देणार नाही. गणपती कुठं बसवायचा, तू सांग." त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी म्हटलं, "काका, पोलीस ठाण्यात बसवा." दार बंद.

मेधाकाकूंनी आत घेतलं. सूप दिलं, माझे ओले मोजे हीटरवर वाळत घातले. पत्रक वाचून त्या रडल्या. "मला झोप नाही गं. त्याच्या आईचा डबा घासून ठेवलाय, द्यायला धीर होत नाही." मी पेन पुढं केलं. त्यांनी ते माझ्या मुठीत परत मिटवलं. "सही नको मागूस. बाकी काही माग."

बाकी काही नकोच होतं.

डबा मी घेतला.

पुन्हा ब्रिजव्ह्यू

निघायच्या आधी स्पीकर पोचवायला गेलो. भाऊजी गाडी चालवत होते. घरापाशी गाडी लावली, पण उतरले नाहीत. इंजिन चालू ठेवून समोर बघत बसले.

यूसुफ बाहेर आला. मनगटांवरचे वळ अजून गेले नव्हते. लॅपटॉप मिळालेला नव्हता, समेरचं कडवं त्याच्यातच. समेरनं पुन्हा पाठवलं असतं, पण यूसुफनं मागितलं नव्हतं. "त्याला काय सांगू, कुठं हरवलं?" तो म्हणाला. स्पीकर उचलताना त्याला गाडीतले भाऊजी दिसले. तो थांबला. मग खिडकीशी वाकून म्हणाला, "नमस्कार मंडळी."

टोमणा नव्हता. सवय होती.

भाऊजींनी काच खाली केली. "हाय यूसुफ," म्हणाले. काच वर गेली.

आत त्याच्या आईनं पुन्हा माझे गार हात धरले. रिकामा डबा घेतला, उघडून पाहिला आणि यूसुफकडून मला विचारलं, तुमच्या माणसांना वडी आवडली का?

"हो," मी म्हटलं. "सगळी संपली."

ती खूश झाली.

आता तुम्ही

सुनावणी मार्चअखेर आहे. हे तुम्ही वाचाल तेव्हा अजून वेळ असेल. म्हणून हे लिहिलं आहे, बर्फाचं वर्णन करायला नाही.

तुमचं कुणीतरी तिकडं आहे. भाऊ, मुलगी, भाचा, शेजाऱ्यांची सून. शिकागोच्या बाजूला असेल तर फारच जवळ. येत्या रविवारी सकाळी त्यांचा फोन येईल. तिकडं थंडी किती, इकडं काय भाजी, हे विचारू नका. विचारा: संक्रांतीनंतरच्या शनिवारी साडेतीन वाजता तू कुठं होतास? त्या सभागृहात असेल, तर त्याला एक वाक्य कागदावर लिहून खाली सही करायला सांगा: यूसुफ आमच्याबरोबर होता. कार्यकारिणीत नसेल, तर जो आहे त्याच्या दारी जाऊन सही घ्यायला सांगा. त्या सभागृहात नव्हताच म्हणाला, तर विचारा, असतास तर बोलला असतास का?

समोरून कुणी बोलणार नाही. मी ती शांतता ऐकली आहे, फार लांब असते. तुम्ही फोन ठेवू नका.